पास झालेल्या मातीबद्दल तक्रार

प्रति,
माननीय चंद्रकुमार साहेब,
माती तपासणी अधिकारी, फिरते माती तपासणी पथक,
(मुक्काम: ज्या गावात गाडी उभी असेल ते गाव), जि. भंडारा.

अर्जदार: केशरबाई सोमाजी हटवार, वय सत्तर ते पंच्याऐंशी (काम पाहून), मौजा खैरटोली, ता. मोहाडी.

विषय: बोडीखालच्या बांधीची माती पुन्हा तपासून, अर्जदाराच्या चिन्नोर धानावर मारलेला ‘बियाणे जुने’ हा शेरा खोडून मिळणेबाबत.

संदर्भ: १) आपण दिलेली जमीन आरोग्य पत्रिका. २) आपल्या दुपट्ट्याबाबत आलेले आपले दोन फोन.

महोदय,

१. अर्जदार बाई सविनय सादर करते की, बोडीच्या, म्हणजे गावच्या लहान तळ्याच्या, पाळीखाली तिची अर्ध्या एकराची धानाची बांधी आहे. तिच्या सासूच्या काळापासून ह्याच बांधीत चिन्नोरचं बियाणं धरतात. पूर्वी हा भात शिजला की मोहाडीच्या बाजारातली माणसं तराजू खाली ठेवून वासावर खैरटोलीच्या रस्त्याले लागत. (यातलं निम्मं तरी खरं धरावं.) मधात अर्जदाराचं खुब्याचं हाड मोडलं, बांधी तीन वर्षं पडीक राहिली आणि तिथं गाजरगवत घुसलं. ते एवढं माजलं की घरची म्हैस आत गेली, ती दुसऱ्या साली वगार घेऊनच बाहेर आली. मग मुलगा कैलाश यानं सारं गवत ऐन फुलात असताना नांगरून तिथंच गाडलं. तेव्हापासून दोन हंगाम चिन्नोरची रोपं बोटभर होतात, पिवळी पडतात आणि रुसून बसतात. धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, उडदाच्या मुळाले पहिले बारीक गाठी राहत, आता मूळ उपटलं तर नुसतं दोऱ्यावाणी निघते.

२. सदर तक्रारीवरून आपण दिवाळीनंतर येऊन गेले, हे अर्जदार विसरली नाही. आपण बांधीत जिथं जास्त हिरवं दिसलं, तिथंच खड्डा करून माती नेली. जानेवारीत पत्रिका घेऊन परत आले, अर्जदाराच्या बाजेवर बसून चहा घेतला आणि वाचून दाखवलं: नत्र बरोबर, स्फुरद बरोबर, सेंद्रिय कर्ब उत्तम. वर पेनानं ‘बियाणे जुने’ असा शेरा मारला आणि म्हणाले, “आजी, माती फर्स्ट क्लास हाये. तुमचं बियाणंच म्हातारं झालं.” त्या वेळी घरातली सारी माणसं बियाण्याकडे न पाहता अर्जदाराकडे काहून पाहून राहिली होती, याचा खुलासा अजून झालेला नाही.

३. कैलाशनं ती पत्रिका देवाच्या फोटोशेजारी टांगली. “माय, सरकारी कागद हाये. मृगाले मी पुडीतलं बियाणं आणतो. ह्या दोन पायल्यांची तू खीर करून टाक.” साहेब, गावात चिन्नोरचं बियाणं तेवढंच उरलं आहे. त्याची खीर झाली तर एका जेवणात सासूपासूनचा धान संपला. तेव्हापासून अर्जदार बियाण्याच्या ढोलीवर बसूनच जेवते.

४. अर्जदाराची नात रुचिका शेतीच्या कॉलेजात आहे. ती संक्रांतीले आली, पत्रिका वाचली आणि म्हणाली, “आजी, कार्डात मातीतलं खाणं मोजलं, मातीतला जीव कुठं मोजला?” तिच्या म्हणण्याप्रमाणे गाजरगवत सडलं की त्यातून कडू रस उतरतो आणि दुसऱ्याचा कोंब दाबतो. मातीत डोळ्याले न दिसणारे जंतू असतात, त्यातले उडदाच्या मुळाले गाठी बांधणारे अशा मातीत कमी होतात, आणि गवताले मानवणारे वाढतात. अर्जदाराच्या डोक्यात ते असं बसलं: कोठी भरलेली आहे, पण ह्या पाहुण्यानं घरच्या रांधणाऱ्या बाया हाकलल्या आणि आपल्या माहेरच्या आणून बसवल्या. त्या फक्त त्यालेच वाढतात. आपण कोठीत डोकावून “भरपूर हाये” म्हणून गेले, चूल कोणी पाहिली नाही.

५. “सुती कापड पुरून पाह्य, आजी. जिवंत माती दोन महिन्यांत खाऊन टाकते,” असं नातीनं सांगितलं. घरभर शोधलं. अर्जदाराची लुगडी, सुनेच्या साड्या, कैलाशचे शर्ट, सारं पॉलिस्टर. त्याले गांडूळसुद्धा तोंड लावत नाही. घरात अस्सल सुती असा एकच कपडा निघाला: पांढरा, निळ्या काठाचा, चहाच्या दिवशी कोणीतरी बाजेवर विसरलेला. त्याचे दोन सारखे तुकडे केले. एक बांधीत पुरला, एक गोठ्यामागच्या परसात. दोन्ही वीतभर खोल, दोघांले रोज एक-एक लोटा पाणी. याच काळात आपले फोन आले. पहिल्या वेळी अर्जदारानं सांगितलं की दुपट्टा वानरानं नेला. दुसऱ्या वेळी सांगितलं की तेच वानर तो गळ्यात टाकून तुमसर रोडच्या फलाटावर नागपूरच्या गाडीची वाट पाहून राहिलं होतं. हे दोन्ही जबाब अर्जदार मागे घेते. वानर निर्दोष आहे.

६. होळीले दोन्ही खड्डे उकरले. बांधीतला तुकडा जसाच्या तसा निघाला, काठासकट, झटकला तर तोंड पुसता आलं असतं. परसातल्या खड्ड्यात शिवणीचा एक धागा आणि नऊ गांडुळं सापडली. मग परसातलीच माती फुटक्या घमेल्यात भरून आपण म्हातारं ठरवलेलं बियाणं मूठभर पेरलं. ते असं दाट, हिरवं उगवलं की मधात बोट घालायले जागा नाही. कैलाश म्हणतो, “परसात कायबी उगवते, माय.” तो मायचं ऐकत नाही, शिक्क्याचं ऐकतो.

७. तरी विनंती की, मृग लागायच्या आत आपण यावं, परसाची अन् बांधीची माती शेजारी-शेजारी ठेवून पाहावी, शेणखत किती घालावं अन् परसातली माती किती पसरावी ते कैलाशले तोंडावर सांगावं आणि तो शेरा ज्या पेनानं लिहिला त्याच पेनानं खोडावा. आपण आल्यावर खीर होईल. दुसऱ्या तांदळाची.

आपली नम्र, परंतु बियाण्याइतकीच धडधाकट,
केशरबाई सोमाजी हटवार
(सही स्वतःची, अक्षर नात रुचिकाचं)
मौजा खैरटोली, दि. १२ मे २०२५

सोबत:
१) जमीन आरोग्य पत्रिका (देवाजवळून काढून आणली, कैलाशले सांगू नये).
२) बांधीतली माती, एक पुडी.
३) चिन्नोरचे दहा दाणे. मोजलेले आहेत, येताना परत आणावेत.
४) आपला दुपट्टा, अर्धा, धुऊन घडी केलेला. उरलेला अर्धा सादर करता येत नाही. तो परसातल्या मातीनं खाल्ला, आणि तिले चांगला पचला.