पॅसेजची भिंत

सोमवार, ३ मार्च
पुन्हा तेच! माझ्या खोलीपासून संडासापर्यंत भिंत काळी — बरोबर कमरेच्या वर, तेलकट पट्टा. करणार कोण? घरात माणसं दोन, मी आणि जाऊबाई. मी ठणठणीत. त्या काठी टेकत फिरतात, म्हणजे दुसरा हात भिंतीवर असणारच! बोलले तर म्हणतात, ‘पुसते हं.’ नुसतं गोड बोलायचं. चाळीस वर्षं ऐकतेय.

मंगळवार, ४ मार्च
मुलाचा फोन. स्पष्टच बोलला — ‘आई, मी इतक्या लांब. दोघींपैकी जिला आधाराशिवाय चालता येत नाही, तिला वृद्धाश्रमात ठेवावं लागेल. पडली तर उचलणार कोण?’ मी भिंतीचं सगळं सांगितलं. सोळा तारखेला येऊन बघतो म्हणाला.
बरं वाटलं. खोटं कशाला लिहू? माझ्या नवऱ्यानं बांधलेलं घर, आणि कपाटाच्या किल्ल्या अजून जाऊबाईंच्या कमरेला!

शुक्रवार, ७ मार्च
व्यायामवाली बाई दर शुक्रवारी येते, जाऊबाईंसाठी. हात न टेकता खुर्चीतून उठायचं. एका पायावर उभं राहून आकडे मोजायचे. बगळा! अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी ह्या नऊपर्यंत टिकल्या. मिरवायला हवंच काहीतरी.
मला म्हणते, ‘आजी, तुम्हीपण या ना.’ आजी कुणाची गं मी? म्हटलं, मला काय धाड भरलीय! कपाट, टेबल, फ्रिज करत तरातरा स्वयंपाकघरात निघून गेले. ती बघतच राहिली. बघू दे.

सोमवार, १० मार्च
आज पकडलं! सकाळी जाऊबाई ओलं फडकं घेऊन भिंत पुसत होत्या. म्हटलं, ‘मुलगा यायच्या आत पुरावा नाहीसा करताय होय?’ फडकं गुंडाळून आत गेल्या. चोराच्या मनात चांदणं!
रंगाऱ्याला सांगितलंय. पांढरा ऑइलपेंट. बोट लागलं तरी दिसेल. मग बघतेच.

बुधवार, १२ मार्च
रंगारी नाहीच आला. शुक्रवारी येतो म्हणे. मेला!

शनिवार, १५ मार्च
काल संध्याकाळी रंगवून गेला. ‘उद्या दिवसभर हात लावू नका.’ मी जाऊबाईंना दोनदा बजावलं.
सकाळी संडासला जायचं म्हणून दारात आले आणि पाय उचलेना. आठ पावलं! भिंतीला हात लावायचा नाही म्हटल्यावर जमीनच हलायला लागली. छे, मी कुठे भिंत धरते? कधीच नाही! आणि हात आपोआप गेला. दारापासून संडासापर्यंत ओल्या रंगात बोटं उमटली. माझी.
मागे जाऊबाई. ‘वर्षभर पुसतेय गं तुझ्यामागे. सांगितलं असतं तर ऐकलं असतंस?’
मी फडकं फिरवलं तर रंग आणखीच पसरला. राग आला. भयंकर राग! हिनं का पुसावं? कुणी सांगितलं होतं? भीती वाटतेय. त्या आश्रमात मी नाही जाणार. मेले तरी नाही.

रविवार, १६ मार्च
मुलगा आला. ‘हे हात कुणाचे?’
‘माझे,’ जाऊबाई म्हणाल्या. ‘आणखी कुणाचे असणार?’
माझ्या नखांत अजून रंग होता. हात शालीत घेतला.
आश्रमात जायला गाडीत बसताना जाऊबाईंनी किल्ल्या माझ्याकडे दिल्या आणि म्हणाल्या, ‘शुक्रवारी ती बाई येईल. तिला परत पाठवू नकोस.’
मला बोलता आलं असतं. गाडी सुरू व्हायला बराच वेळ लागला.