शिलाई मशीनच्या खणातल्या गोळ्या

१४ मार्च १९९१, दुपारी दोन वाजून चाळीस मिनिटं.

ही आजची तारीख नव्हे, पण या वहीची पहिली ओळ तिचीच. गर्भपिशवीच्या ऑपरेशननंतर त्या मिनिटाला माझ्या डाव्या हाताला रक्ताची बाटली लावली. घड्याळ समोरच्या भिंतीवर होतं. रक्त कुणी तपासलेलं नव्हतं.

आज २ जून १९९८. मुंबईच्या डॉक्टरांनी कागद पुढे सरकवला. एचआयव्ही. बासष्टाव्या वर्षी, आणि ज्या बाईनं लग्नसुद्धा केलं नाही तिला.

गोळी सकाळी आठला, रात्री आठला. चुकवत राहिलात तर औषध कामातून जातं, म्हणाले. मी सांगितलं, टेलिफोन एक्सचेंजमध्ये तीस वर्षं ट्रंक कॉल जोडलेत, मला वेळ शिकवू नका.

ऑपरेशन केलेल्या हॉस्पिटलला पत्र टाकलं. चूक लेखी कबूल करा. मुदत ३० जून.

४ जून

गोळ्या आणि कागद शिलाई मशीनच्या खणात, रिळांच्या मागे. कलावतीला कळता कामा नये. भावाची मुलगी, तो गेल्यापासून माझ्याकडेच. काल्हेरला गोदामात पॅकिंग करते. शिक्षण सातवी, तेही मराठी शाळेत. कागद इंग्रजीत आहे हे बरं. माझ्या कॉन्व्हेंटच्या शिक्षणाचा असाही उपयोग.

अजून एकही गोळी चुकली नाही. दोन दिवस झाले.

१३ जून

कालची रात्रीची राहिली. कलावती खोलीत होती, खण उघडणार कसा? आजची सकाळची घेतली, पण उलटीत गेली. ती धरायची की नाही हे डॉक्टरांनी सांगितलेलं नाही. अर्धवट सूचना. धरली.

१० जुलै, शुक्रवार

शेजारच्या कारखान्यातले लूम आज बंद. त्यांची खडखड थांबली की निजामपुऱ्यातल्या या घरात माझा खोकला फार मोठा ऐकू येतो.

कलावतीचं काहीतरी चाललंय. हल्ली रोज रात्री आठला पाच मिनिटं कमी असताना पदर खोचून बाहेर. कधी शेजारच्या काशीकडे विरजण, कधी नुसतंच "आलेच". पंधरा मिनिटांनी परत. विचारलं तर हसते. कुणीतरी ड्रायव्हर असणार. आज मीही मागोमाग गेले. नळाच्या कट्ट्यावर एकटीच बसली होती, रस्त्याकडे बघत. अर्धा तास लपून पाहिलं, कुणी आलं नाही. फार सावध आहे.

या भानगडीत गोळी राहिली. तिच्यामुळे.

१९ जुलै, रविवार

वर्षावास सुरू. बुद्धविहारात रविवारचं धम्मग्रंथाचं वाचन माझ्याकडे, साडेसात ते नऊ. उच्चार स्वच्छ असलेलं दुसरं आहे कोण? मधे उठून गोळी घेतली तर पुढ्यातच बसणारी गोदूबाई सगळ्या आळीत बातमी वाटेल. नंतर तीच घरापर्यंत सोडायला आली आणि साडेदहापर्यंत बसली. दात कमी झालेत, जीभ शाबूत आहे.

रविवारची रात्र वगळायची. आठवड्याला एक. कुठल्याही ऑफिसला सुट्टी असते.

१६ ऑगस्ट

हॉस्पिटल गप्प. तिसरं पत्र, मुदत ३१ ऑगस्ट.

विचार केला. मी ठणठणीत दिसले तर ते म्हणणार, बाई, तुमचं नुकसान काय झालं? म्हणून उत्तर येईपर्यंत फक्त सकाळची गोळी. रात्रीची बंद. हा निषेध आहे, हयगय नव्हे.

२० सप्टेंबर

तोंड आलंय. कलावतीच्या हाताला तिखट फार. ब्लाउज सैल होतात. तिनं मापं चुकवलीत. तसं बोलले. तिनं दोन्ही बाजूंनी टाके घालून दिले.

१२ ऑक्टोबर

उद्या डॉक्टर. ते उरलेल्या गोळ्या मोजतात. माझ्याकडे जास्तीच्या त्रेसष्ट. मोरीत टाकल्या, वर दोन तांबे पाणी. हिशेब आता चोख.

१३ ऑक्टोबर

वजन सहा किलो कमी. रक्तातल्या रोगाशी लढणाऱ्या पेशींचा आकडाही अर्ध्यावर. डॉक्टरांनी डबी पालथी केली, मोजलं. मग म्हणाले, सगळ्या घेऊनही हे असं, म्हणजे या गोळ्यांचा तुमच्यावर परिणाम उरला नाही. दुसरं औषध सध्या माझ्याकडे नाही. नोव्हेंबरअखेरपर्यंत बघू, मग हे बंद करू.

मी मान हलवली. स्पष्ट बोलणारा माणूस मला आवडतो.

२२ नोव्हेंबर, रविवार, संध्याकाळी सव्वासात

ताप चार दिवस. विहारात गेले नाही. कलावतीनं मशीनचा खण माझ्यासमोर उघडला, रिळं बाजूला केली आणि डबी पाण्याच्या तांब्याशेजारी ठेवली. कुणाची डबी असं मी विचारलं. तर म्हणाली,

"आत्या, जूनपासून माहीत हाय मला. बॉबिन शोधताना कागद दिसला. ती तीन अक्षरं गोदामाच्या भितीवर ड्रायव्हर लोकांसाठी लिवलीत, रोज वाचते. तुमाला लाज वाटू नये म्हणून आठला भाईर जाऊन बसायची मी. घेत व्हत्या ना?"

मी म्हटलं, दुसऱ्याचे खण उघडणं असभ्य आहे. तिनं तांबा आणखी जवळ सरकवला आणि तिथंच बसून राहिली.

पत्र तिच्याच हाती उद्या मुंबईला जाईल. मसुदा:

डॉक्टर, माहितीसाठी कळवते. याला कबुली समजू नये. त्रेसष्ट गोळ्या मी मोरीत टाकल्या. औषध हरलेलं नाही, ते माझ्या पोटात गेलंच नाही. ते बंद करू नका. आजपासून रोज दोन्ही वेळा घेतल्या तर अजून चालेल का, हो किंवा नाही, एवढंच लेखी कळवावं. मुदत ३० नोव्हेंबर, रात्री आठच्या आत.