त्या ईशानला साधा एक फोन करता येत नाही

३ नोव्हेंबर

आजपासून रोजनिशी. कुणाला दाखवायची नाही. डोकं शांत ठेवायला लिहायची. तसं माझं डोकं शांतच आहे.

परिस्थिती अशी. शिवांजली भाऊबीजेला भावाबरोबर औंधला माहेरी गेली, ती अजून आली नाही. साठलेली रजा टाकलीय. तिच्या पतसंस्थेनं तिला साताऱ्याच्या शाखेत मॅनेजर म्हणून बोलावलंय. पंधरा तारखेपर्यंत हो-नाही कळवायचंय. दिवाळीच्या आधी तिनं मला विचारलं होतं, जाऊ का नको. मी म्हटलं, तुला योग्य वाटेल ते कर, बघू. किती नवरे असं म्हणतील? आमच्या विट्यातल्या चुलत्यांनी बायकांना थेट कोईमतूरला नेलं, सोनं गाळायच्या दुकानावर. विचारलं का कुणी? मी विचारांनी पुढचा आहे. तरी तिचा चेहरा उतरला. का, ते कळलं नाही.

जाताना फ्रिजवर एक कादंबरी ठेवून गेली. म्हणाली, ही वाच, मग बोलू. सध्या आमच्या वयाचे सगळे हीच वाचतात म्हणे. वेबसिरीज पण आलीय.

उद्यापासून रोज पन्नास पानं. आठवड्यात संपवणार आणि मुद्देसूद बोलणार.

छातीत धडधडतंय. पित्त.

४ नोव्हेंबर

अकरा पानं झाली. नायक ईशान. वय बत्तीस, पुण्यात फ्लॅट, लॅपटॉपवर कसलंतरी काम. अकरा पानं हा माणूस आडवा पडून पंख्याकडं बघतोय. पंखा बंद आहे.

नायिका रेवा. ती कॉफी पिते. थंड झाली की तिच्याकडं बघत बसते. अगं, पिऊन टाक की!

वाचायला वेळ मात्र भरपूर. मी मिरजेत औषध कंपनीचा प्रतिनिधी, म्हणजे निम्मं आयुष्य डॉक्टरांच्या केबिनबाहेरच्या बाकड्यावर. आत गेलो की दीड मिनिटात पित्ताच्या गोळीचे सगळे गुण सांगून बाहेर. बोलण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

सांगलीला घरी आलो. ब्रशच्या ग्लासात एकच ब्रश. तिचा ती घेऊन गेलीय. चार दिवसांसाठी जाते तेव्हा ठेवून जाते. पित्ताची गोळी घेतली, सॅम्पलमधली.

५ नोव्हेंबर

आजचं प्रकरण असं: रेवाचा फोन येतो. ईशान फोनकडं बघतो. फोन वाजतो. ईशान बघतो. फोन बंद होतो. प्रकरण संपलं. एवढा बाप्या गडी, फोनला घाबरतो! च्यायला, लेखकाला पानाप्रमाणं पैसे मिळतात का काय?

संध्याकाळी सासूबाईंचा फोन आला होता. चंद्राबाई नाव स्क्रीनवर आलं आणि माझे हात नेमके ओले होते. पुसले, तोवर कट झाला. उलटा फोन करणार होतो, पण त्यांची पूजेची वेळ झाली असणार.

का केला असेल फोन? शिवांजलीनं हो कळवून टाकलं असेल का? तसं असतं तर परत केला असता. परत आला नाही म्हणजे चांगलं. का वाईट?

गोळी.

७ नोव्हेंबर

दुपारी अश्फाकच्या दुकानात बसलो. त्यांच्या घरात सतारी-तानपुरे करतात, मी दोन डॉक्टरांच्या मधल्या वेळात तिथं असतो. तो भोपळा घासत होता. मी त्याला ईशानबद्दल सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, ते ऱ्हाऊ दे गड्या, वहिनी कवा येणार? मी म्हटलं, तिचा निर्णय आहे. तो म्हणाला, अरं मग गाडी काढ आन् जा की औंधाला, दोन तासाचा रस्ता. मी म्हटलं, त्यानं तिच्यावर प्रेशर येईल. तो म्हणाला, प्रेशर कसलं, बायको हाय का कुकर?

त्याची बायको अल्फिया सिरीज बघून लय रडली म्हणे. अश्फाक दुसऱ्याच भागात झोपला. मी म्हटलं, बघ, कंटाळवाणंच आहे की नाही. तो म्हणाला, व्हय, पर तिच्या शेजारी झोपलो हुतो.

यात ‘पर’ कशाला ते कळलं नाही.

८ नोव्हेंबर

सिरीज सुरू केली. अक्षर न् अक्षर कादंबरीसारखी, फक्त अंधार जास्त. सगळे इतकं हळू बोलतात की मराठी कळायला खाली इंग्रजी वाचावं लागतं. दुःख झालं की जो तो बाथरूममध्ये जाऊन फरशीवर बसतो. आमच्या बाथरूममध्ये बसलं तर गुडघे बादलीला लागतात. (सहज बसून बघितलं. थोडा वेळ बसलो.)

चौथ्या भागात ईशान मेसेज लिहितो. पुसतो. लिहितो. पुसतो. अर्धा भाग तेवढंच. डोक्याचा भुगा झाला. अरे, मनात आहे ते लिही आणि पाठव!

मीही आज शिवांजलीला मेसेज लिहिला. आधी ‘कधी येतेस?’ असं लिहिलं, पण ते फार सरळ वाटलं. मग ‘गॅस संपत आलाय’ असं केलं. पण ती म्हणेल, मला गॅससाठी बोलावतोस का. म्हणून तेही पुसलं. माझं पुसणं विचार करून होतं. त्याचं नुसतंच.

१० नोव्हेंबर

सकाळी मिरजेत एका डॉक्टर मॅडमना गोळीचं सांगत होतो. त्या माझ्या हाताकडं बघत होत्या. मधेच म्हणाल्या, कशाला घाबरलाय तुम्ही? मी म्हटलं, घाबरलो नाही, जरा पित्त आहे. म्हणाल्या, मग हीच गोळी घ्या की. मी म्हटलं, घेतोय, आठवडा झाला. म्हणाल्या, आणि तरी धडधडतंय? मग मी पेशंटला कशी लिहू?

आजची ऑर्डर गेली.

निर्धार: परवा औंधला जाणार. स्वतः. डॉक्टर-कॉलसारखे तीन मुद्दे. एक, मला करमत नाही. दोन, साताऱ्याला जाऊ नकोस, किंवा गेलीस तर मीही बदली मागतो. तीन, घरी चल. आरशासमोर म्हणून बघितलं. एका मिनिटात होतंय.

१२ नोव्हेंबर

सकाळी निघायच्या आधी एक प्रकरण वाचलं. ईशान रेवाच्या बिल्डिंगसमोर येतो, वडापाव खातो, तिच्या खिडकीकडं बघतो आणि परत जातो. मूर्खपणाचा कळस. तिच्या दारात जाऊन परत येणारा माणूस जगात कुठं असतो का? पुस्तक फेकणार होतो, पण तिचं आहे.

मग औंधला निघालो. रस्त्यात उसाच्या ट्रॉल्याच ट्रॉल्या, त्यामुळं वेळ झाला. विट्याच्या पुढं मुद्दे पाठ म्हणत गेलो. गल्लीच्या तोंडाशी चहाची टपरी आहे, तिथं थांबलो. घसा कोरडा पडला होता म्हणून. समोर सासऱ्यांचं घर. गच्चीवर शिवांजली शेंगा वाळत घालत होती. केस मोकळे, ओढणी कमरेला बांधलेली. ती खाली वाकायची आणि मला वाटायचं, आता वर बघेल. तिनं तोंडावर सांगितलं असतं, मी साताऱ्याला चाललेय, तर? फोनवर ऐकणं निराळं, तोंडावर ऐकणं निराळं.

म्हटलं, आधी यमाईला जाऊन येऊ. डोंगरावर गेलो, देवीला तिन्ही मुद्दे सांगितले. अजिबात अडखळलो नाही. तिथून घराची गच्ची दिसते का बघितलं. दिसते. मग खाली आलो आणि तसाच सांगलीच्या रस्त्याला लागलो. अंधाराच्या आत पोचायचं होतं, आणि गाडीचा हेडलाइट बारीक आहे.

हेल्मेट काढलंच नव्हतं, त्यामुळं ओळखायचा प्रश्न नाही. पाठीवर फक्त कंपनीची बॅग होती.

१३ नोव्हेंबर

विचार केला. चूक माझी नाही, पद्धतीची आहे. माहेराहून सून आणायला मुराळी जातो, घरातलं वडीलधारं माणूस. नवरा स्वतः उठून गेला तर अवघडल्यासारखं होतं. ही रीत कुणीतरी विचार करूनच पाडली असणार. सांगलीत राहून मी ती विसरलो होतो.

विट्याला नाथाजीकाकांना फोन केला. रिटायर्ड हवालदार, स्वतःची जीप. काका म्हणाले, आर्डर सांग फकस्त. मी म्हटलं, शिवांजलीला घेऊन या. काका म्हणाले, तू का जात न्हाईस रं? मी म्हटलं, कामं आहेत. काका म्हणाले, कसली कामं, लोकास्नी गोळ्या द्यायच्या? शनिवारी जातो म्हणाले.

ती यायच्या आत माझंही मत पोचायला हवं. म्हणून कादंबरी आणि सिरीज दोन्हींवर मिळून लांबलचक मेसेज पाठवला. पाठवला! पुसला नाही. त्यात स्पष्ट लिहिलं की ही पात्रं अत्यंत वैताग आणणारी आहेत. मनातलं मनात ठेवतात आणि समोरच्यानं ओळखावं म्हणून फुगून बसतात. ईशाननं पहिल्याच पानावर ‘थांब’ म्हटलं असतं तर वाचकांचा वेळ वाचला असता. शेवटचा भाग मी बघितलेला नाही, बघायची गरज वाटत नाही.

मेसेज लिहिताना हात थरथरत नव्हते. दुसऱ्याबद्दल लिहायचं म्हटलं की मला छान सुचतं.

निळ्या टिका आल्या. मग तिचा मेसेज: शेवटचा भाग बघ.

बस्स. एवढंच. चिडली असेल का? का हसली असेल?

१५ नोव्हेंबर

आज शनिवार. सकाळी फरशी पुसली. गादीवर चादर नवी. गॅस आणला. तिला आवडते म्हणून शेपूची भाजी केली, ती जरा लागली. दर गाडीच्या आवाजाला खिडकीत गेलो. काकांचा फोन लागत नव्हता. आज पंधरा तारीख, म्हणजे ती कळवणार असेल तर आजच. पण काकांच्या जीपमध्ये बसली म्हणजे घरी आलीच. हवालदार माणूस आहे, मोकळ्या हातानं परत यायचा नाही.

संध्याकाळी काकांचा फोन आला. मिशन कम्प्लीट म्हणाले. सूनबाई सामान घेऊन जीपमधी बसली, काय तक्रार न्हाई. मी म्हटलं, मग कुठपर्यंत आलाय? काका म्हणाले, आलोय कुठला, साताऱ्यात हाय. तिला खोलीवर सोडली, चांगली खोली हाय, मालकीण पन बरी हाय. सोमवारी हजर व्हायचं हाय तिला.

मी म्हटलं, काका, मी तिला घरी आणायला सांगितलं होतं. काका म्हणाले, आरं, मी म्हटलं की तिला, घरला चल. ती म्हणाली, काका, त्यांनीच सांगितलंय मला योग्य वाटंल ते कर म्हणून. मग मी काय बोलनार? नवऱ्याचीच आर्डर हाय म्हटल्यावर?

आणि मग काका जरा आवाज खाली करून म्हणाले, बुधवारी टपरीपाशी हेल्मेट घालून उभा हुतास व्हय रं? आख्ख्या गल्लीनं वळखलं. पाठीवर गोळीचं नाव लिवलेलं. तुजी सासू म्हनत हुती, जावाय आलं म्हणून पुरणाची डाळ शिजत घातली, आन् पोरगी साडी बदलून दारात बसली.

काका अजून काहीतरी बोलत होते. मी ऐकलं नाही.

१६ नोव्हेंबर

शेवटचा भाग बघितला.

त्यात रेवा बंगळुरूला निघते. ईशान स्टँडवर येतो. आता हाही नुसता बघत उभा राहणार म्हणून मी रिमोट हातात घेतला होता. पण तो गाडीत चढतो. माणसं बसलीयत, कंडक्टर ओरडतोय, आणि हा सगळ्यांसमोर म्हणतो, जाऊ नकोस, मला भीती वाटते. नीट बोलतासुद्धा येत नाही त्याला. अडखळतो, नाक पुसतो. लोक हसतात. पण म्हणतो.

त्या ईशाननं म्हटलं! पंख्याकडं बघणाऱ्या त्या ईशाननं!

मी लगेच शिवांजलीला फोन लावला. खरंच लावला. एकाच रिंगमध्ये उचलला तिनं. म्हणाली, बोल. मी म्हटलं, जेवलीस का? म्हणाली, हो. पलीकडं रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज येत होता. मी म्हटलं, शेवटचा भाग बघितला. म्हणाली, मग? मी म्हटलं, बरा आहे. ती थांबली. तिचा श्वास ऐकू येत होता आणि माझी छाती अशी उडत होती की तिलाही ऐकू गेली असेल. मग हळूच म्हणाली, ठेवू का फोन?

मी म्हटलं, तुला योग्य वाटेल ते.

आता लिहितोय. हे पित्त नाही. मला भीती वाटते. ती गेली म्हणून वाटते, आणि ती जायच्या आधीही वाटत होती. हे इथं लिहिता येतं, कारण ही रोजनिशी कुणी वाचत नाही.

मघाशी मेसेजमध्ये ‘थांब’ असं लिहिलं. पाठवणार होतो. पण ती तर पोचली. पोचलेल्या माणसाला थांब कसं म्हणायचं? आता ‘ये’ म्हणायला पाहिजे.

उद्या बघू.