अडीचचा फोन

गुरुवार, १५ जानेवारी

उद्या उलव्याला, आमच्या नव्या फ्लॅटवर. पिशव्या भरल्या. सांदण करून घेतलं, घरचे पाच नारळ सोलून घेतले. हे म्हणाले, तिथे नारळ मिळत नाहीत का? मिळतात. आपले नाही मिळत!

लिहायला वही नाही. दरवर्षी हे मस्कतहून कंपनीची कोरी डायरी आणतात, या खेपेला आणली नाही. यंदा छापल्याच नाहीत म्हणाले. म्हणून जुनीच काढली. गेल्या ऑगस्टात मला डेंग्यू झाला होता, तेव्हाची पानं कोरी आहेत. छापलेली तारीख खोडून वर आजची लिहितेय.

आता खरं काय ते लिहून टाकते. सोमवारी यांना कंपनीला कळवायचंय, आणखी दोन वर्षं येतो की नाही. आणि ठरवायचं मी! फ्लॅटमध्ये दोन-तीन दिवस राहून बघ म्हणाले. तिथे तुला माझ्याबरोबर राहणं जमेलसं वाटलं तर थांबतो, नाहीतर जातो. एवढंच बोलून नखं कापत बसले.

लग्नाला सव्वीस वर्षं. वर्षाला पंचेचाळीस दिवस सुट्टी. मघाशी बोटांवर मोजलं — एका छपराखाली आम्ही सगळी मिळून सव्वातीन वर्षं राहिलोय. बाकीचा संसार फोनवर. मुलगी वाढवली, तिचं लग्न केलं, तेही फोनवरच म्हणायचं.

जातील म्हणून भीती वाटते. राहतील म्हणूनही वाटते. इथे गावात, बोर्लीत, माझं माझं बरं चाललंय — शिलाईच्या क्लासला अकरा मुली आहेत, भूक लागेल तेव्हा जेवते, हवं तेव्हा झोपते. हे कुणाला सांगणार? सांगायला गेलं तर बाई बिघडली म्हणतील.

शुक्रवार, १६ जानेवारी

एसटीने पनवेल, पुढे रिक्षा. अकरावा मजला.

काय रस्ते आहेत! आमची अख्खी बाजारपेठ गर्दीसकट त्यात मावेल एवढे रुंद, आणि त्यावर एक कुत्रं. बसस्टॉप आहे, बस नाही. दुकानांचे गाळे आहेत, शटर खाली. सगळं बांधून ठेवलंय आणि माणसं अजून यायचीत. लांब खाडीचं पाणी चमकतं, त्याच्या पलीकडे बंदराच्या क्रेन धुक्यात उभ्या.

फ्लॅटमध्ये एक गादी, दोन पातेली, लेकीने, यशराने, पाठवलेले पडदे. रिकाम्या खोल्यांत आवाज घुमतो, म्हणून आम्ही दोघंही हळू बोलतोय. परक्याच्या घरी आल्यासारखं.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून विमानं दिसतात. इतकी खाली, की पोट दिसतं. माझ्या लेखी विमान म्हणजे यांना घेऊन जाणारी वस्तू. आता दर थोड्या वेळाने एक जातंय आणि हे माझ्यामागे उभे राहून मीठ कुठे ठेवलंस विचारतायत.

अडीच वाजले आणि दोघांनीही आपापला फोन बघितला. हसू आलं, पण कोणी हसलं नाही. तिकडे एक वाजता यांची जेवणाची सुट्टी, म्हणजे इथले अडीच. किती वर्षांचा नेम! आधी शेजारच्या दुकानात येणारा फोन, मग घरचा, मग मोबाइल. फोनवर हा माणूस किती बोलतो! गोदामातली मांजर, आचाऱ्याची भांडणं, आज ढग आला होता आणि सगळे बाहेर येऊन बघत होते — काय काय सांगतात. आणि इथे दिवसभरात बोललेली वाक्यं मी मोजली. नऊ.

फोनमधला माणूस मला फार आवडतो. हा समोरचा कोण, तेच कळत नाही.

शनिवार, १७ जानेवारी, सकाळ

शेजारीण भेटली. कमळताई. पॅसेजमध्ये खुर्ची टाकून मेथी निवडत होती. साठीची असेल. म्हणाली, आमची मिठागरं इथेच होती, या बिल्डिंगच्या खाली. फरशी पुसली तरी जिभेला खारट लागेल म्हणाली आणि स्वतःच हसली.

तिचा नवरा बंदरातून रिटायर होऊन घरी बसलाय. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, जमतं का हो दिवसभर?

"सा महिनं निस्ता ताप व्हता डोक्याला," म्हणाली. "मंग एक दिस त्याला बाजारातून यायला उशीर झाला, तं माजाच जीव थाऱ्यावर न्हाय."

मेथीची अर्धी जुडी माझ्या हातात दिली आणि आत गेली.

शनिवार, संध्याकाळ

हे लिहून ठेवायलाच हवं.

जेवण झालं. भांडी झाली. सव्वादोनला हे उठले, जरा पाय मोकळे करून येतो म्हणाले. मनात आलं, कंटाळले. मीही सुटकेचा श्वास टाकला, खोटं कशाला लिहू.

अडीचला फोन वाजला.

"काय करतेस?" तोच आवाज! फोनमधला! मी बाल्कनीत आले. खाली, त्या रुंद रस्त्यावर, पांढरा शर्ट घातलेला एक एवढासा माणूस कानाला फोन लावून चालला होता. म्हणाला, पुढे झेब्रा क्रॉसिंगवर एक म्हैस बसलीये, बरोब्बर पट्ट्यांवर. मी बघितलं. खरंच बसली होती! सव्वीस वर्षं हे सांगतात आणि मी ऐकते, आज पहिल्यांदा ते सांगत असलेलं मला दिसत होतं. एकदम वाटलं, मग ती मांजरही खरी असणार, तो ढगही.

तासभर बोललो. ते चालत होते, मी वरून बघत होते. या कोपऱ्यावर अजून नाव नसलेला चौक आहे. इथे एका मोकळ्या प्लॉटवर चिखल वाळून पांढरा झालाय, बोट लावून बघितलं तर मीठ. कमळताई खोटं बोलत नव्हती! मी सांगितलं, डावीकडे वळू नका, तिकडे रस्ता संपतो, मला वरून दिसतंय. ते वळले नाहीत.

मग विमान आलं. त्याचा आवाज मला आभाळातून आला आणि फोनमधूनही. आजवर आमच्या दोघांच्या डोक्यावर एकच विमान कधी आलं नव्हतं.

"हुस्ना, दिसतोय का मी?" त्यांनी विचारलं.

दिसताय म्हटलं. त्यांनी हात वर केला. मीही केला. वेड्यासारखा किती वेळ तसाच धरून ठेवला होता.

हे वर आले आणि पुन्हा मुके! पण चहा मी न मागता त्यांनीच केला. साखर बरोबर होती.

रविवार, १८ जानेवारी

पहाटे जाग आली तर हे अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, बूट बांधून दारात उभे. कुठे निघालात विचारलं. त्यांनी बुटांकडे बघितलं आणि खाली बसले. तिकडे सुट्टी शुक्रवार-शनिवारची, रविवारी ड्युटी. बोर्लीत गडबडीत लक्षात आलं नसेल, इथल्या शांततेत पायच निघाले. मला हसू आलं. बूट काढायला वाकले, पण गाठ सुटेना. मी नाडी सोडून दिली. लग्नानंतर पहिल्यांदा त्यांच्या पायांना हात लावला असेल मी.

तिथेच ठरलं माझं.

पण तोंडावर बोलता येईना. अडीचला मी खाली गेले आणि फोन लावला. हे बाल्कनीत आले. म्हशीच्या जागी आज मी उभी, म्हैस बाजूला.

सगळं सांगितलं. तुम्ही समोर असलात की काय बोलायचं कळत नाही मला, हेही सांगितलं. एकटीने राहायची सवय झालीये, चिडचिड होईल, हेही. शिलाई मशीन इथे आणीन, या बिल्डिंगमधल्या बायका कपडे घालतातच की. मग म्हटलं, "उद्या कळवून टाका त्यांना. येत नाही म्हणावं. मला तुम्ही इथे हवे आहात."

फोन बंद झाला. वर बघितलं तर बाल्कनी रिकामी.

वर आले तर हे नारळ खवत बसलेले, मान खाली. डोळे लाल. रात्री जेवले नाहीत. फार बोलले का मी? यांना जायचंच होतं का? निदान खोटं तरी सांगायचं होतं मी, जा म्हणून.

सोमवार, १९ जानेवारी

सकाळी पावणेसातला फोनवर व्हॉइस मेसेज आला. यांचा. स्वयंपाकघरातून.

"हुस्ना, कळवायचं कुणाला? कंपनी ऑक्टोबरमध्येच बंद पडली. व्हिसाही संपला. मी मित्राच्या खोलीवर होतो, अडीचला तुला फोन मात्र लावत राहिलो. तुला मी नको असेन तर तोंडावर नाही म्हणायची वेळ तुझ्यावर येऊ नये, म्हणून दोन वर्षांचं रचून सांगितलं. पनवेलला एक खोली बघून ठेवली होती. तिथून अडीचला फोन करत राहिलो असतो, तू मस्कत समजली असतीस. आता रागव."

तीनदा ऐकला. यंदा डायऱ्या छापल्या नाहीत!

उत्तर रेकॉर्ड करायला बटण दाबलं आणि सोडून दिलं. स्वयंपाकघर इथून सोळा पावलांवर आहे. फोन गादीवर ठेवलाय. चालतच जाते.