माझ्या कार्डाचा ड्रायव्हर

३ नोव्हेंबर २०२५, करडी

सापडली! माय वं, सापडली!!

सकाळपासून कर्नल बिल्ड होऊन राहिलं होतं — लिनक्सच्या पोटातला मूळ प्रोग्राम. आईसंग मासोळ्या साफ केल्या, हात धुवून येते तं पडद्यावर एकच वॉर्निंग. कोड वाचून प्रोग्राम बनवणारा कंपायलर म्हणते, 'लेन' नावाच्या खान्यात काही न भरताच तुम्ही ते वापरून राहिले! अन् कोणत्या फाइलीत? माझ्याच नेटवर्क कार्डाच्या ड्रायव्हरमध्ये, म्हणजे ते कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रामात! बाबानं तुमसरच्या बंद पडलेल्या सायबर कॅफेतून हा कंप्युटरचा डब्बा आणला ना, त्यातलंच कार्ड.

दोनदा वाचलं. वॉर्निंग खोटी आहे. नेटवरून पॅकेट, म्हणजे डेटाचा तुकडा, आलं तरच 'लेन' भरते, अन् पॅकेट आलं तरच वापरते. 'आलं तर' ही अट, म्हणजे इफ, एक वर, एक खाली. कंपायलरले दोघांचा संबंध दिसत नाही, म्हणून बोंबलून राहिला.

याले मीच चूप करणार. अन् ज्याचा बदल त्याचं नाव, म्हणून कर्नलमध्ये माझं नाव जाणार — रंजू तुलाराम मेश्राम! या वर्षी मले दुसरं काहीच नको.

४ नोव्हेंबर

वर 'लेन' मध्ये शून्य टाकलं. वॉर्निंग बंद. पॅच, म्हणजे तेवढाच बदल, पाठवला! 

आई म्हणे, "कायले उड्या मारून राहिली वं?" म्हटलं, मशीन खोटंच ओरडत होती, तिले चूप केलं. "मंग सोताले बी कर जरासक!"

६ नोव्हेंबर

नापास.

त्या ड्रायव्हरचा मेंटेनर — म्हणजे त्यात काय घ्यायचं, काय नाही, हे ठरवणारा — परदेशातला कोणी बुढा आहे. सभ्य, पण खवट. लिहिते, शून्य टाकून तू कंपायलरचं तोंड दाबलं. उद्या तिथं खरी चूक झाली तरी तो बोलणार नाही. त्याले दिसंल असं लिही.

असा राग आला! जेवलीच नाही. मंग जेवली, अन् मेल पुन्हा वाचली. बुढा बरोबर बोलला, काय करता!

७ नोव्हेंबर

दोन इफचा एकच इफ केला! शून्य-बिन्य काही नाही, ओळीही कमी झाल्या. कंपायलरले सगळं आपोआप दिसलं. एकदम चूप! अंगणात नाचली मी. शेजारची रत्नमाला मावशी कुंपणावरून म्हणे, "पोरीचं जुळलं का काय, रेवताबाई?" आई म्हणे, "हो, मशीनसंग!"

१० नोव्हेंबर

बुढ्यानं 'छान' लिहिलं!! एकच शब्द, पण छान!

आईनं बाजारात मासोळ्या तोलता तोलता सगळ्यायले सांगून टाकलं — आमच्या रंजूचं नाव साऱ्या दुनियेच्या कंप्युटरात जाऊन राहिलं. थोडं थांबायचं ना, आई!

११ नोव्हेंबर

सत्यानाश झाला.

आमच्या मेल साऱ्यायले दिसतात, त्यात तिसराच एक इंजिनिअर घुसला. म्हणते, हे कार्ड आता वापरते कोण? एवढं जुनं! वॉर्निंग कायले सुधारता, ड्रायव्हरच काढून टाका. अन् काढायचा पॅचही पाठवला बदमाशानं! दोघं-तिघं लगेच 'हो, काढा'. बुढाही म्हणते, कोणी वापरत नसंल तं काढू.

मीच लक्ष वेधलं साऱ्यायचं. मी बोलली नसती तं बिचारा ड्रायव्हर पडून राहिला असता कोपऱ्यात. आता फाइलच गेली तं माझा पॅच कुठं लावतील? नाव गेलं. डब्बाही गेला, नवीन कर्नलवर त्याचं नेटच चालणार नाही. अन् आईले कसं सांगू? खूप रडली मी.

१२ नोव्हेंबर

थांब थांब थांब!

साऱ्या मेल पुन्हा वाचल्या. सगळे म्हणतात, "फक्त बिल्ड करून पाहिलं." चालवून कोणीच नाही पाहिलं! पाहतील कसं? कार्डच नाही कोणाजवळ. बुढ्याजवळही नाही! मी तं रोजच चालवून राहिली!

लिहून टाकलं: वापरते कोण? मी वापरते. करडी, जिल्हा भंडारा. नवीन कर्नल टाकलं, मोठ्या फाइली उतरवल्या, मधातच केबल काढली, लावली, पुन्हा उतरवल्या. काय काय झालं त्याची मशीननं ठेवलेली नोंद, सगळा लॉग, जोडला. कार्डाचा फोटो काढायले बाबाले टॉर्च धरायले लावला. बाबा म्हणे, "कोनाले पटवून राहिली वं?" म्हटलं, साऱ्यायले!

शेवटी लिहिलं — ही मेलही याच कार्डातून येऊन राहिली. घ्या!

१३ नोव्हेंबर

काहीच नाही.

१४ नोव्हेंबर

आजही नाही.  आईनं रस्सा माझ्या आवडीचा केला. बाजारात तिले आज सगळे विचारत होते म्हणे. हे बाबानं सांगितलं.

१७ नोव्हेंबर

राहिला!! ड्रायव्हर राहिला! बुढा म्हणते, चालवणारी आहे तं काढायचा नाही. पॅचही लागला! बाप्पा रे, माझं नाव!

आईले दाखवलं. तिले इंग्रजी वाचता येत नाही, तरी बोट ठेवून विचारलं, "हे का?" "हो, हेच." पदरानं डोळे पुसले अन् म्हणे, "तुलाराम बी लिहिलं ना?" लिहिलं, आई.

१९ नोव्हेंबर

बुढ्याची मेल. 'हे कार्ड माझ्याकडे कधीचंच नाही. आता तूच सांभाळ.' मेंटेनर म्हणून त्यानं आपलं नाव काढलं, माझं टाकलं! अन् पहिला पॅच आलाही — त्याच 'काढून टाका' वाल्या इंजिनिअरचा, आता ड्रायव्हर सुधारायचा. लिहिते, तुमची हरकत नसंल तं हा बदल घ्याल का?

उद्या चालवून पाहते, मंग सांगते त्याले.