शिलेदाराची जागा

३ नोव्हेंबर
सात खोगिरं, दोन बग्ग्यांचे पूर्ण साज, लेकीच्या लग्नातले जोडे आणि ज्या टेबलावर हे लिहितोय ते टेबल. सगळं या दोन हातांचं. शिक्षण कुठं झालं, असं रिसालदारसाहेबांनी विचारलं तेव्हा हे हातच पुढे केले. हसले ते. निवृत्त घोडेस्वार, इंग्रजी अमलातल्या जुन्या रिसाल्याचं संग्रहालय सांभाळतात. सामानाच्या डागडुजीसाठी मला बोलावलंय. खोली पागेच्या वर, उजेड उत्तम. बायकोला कळवलं, इथं आपलं छान जमणार. ती म्हणाली, आधी जेवायचं काय ते बघा.

६ नोव्हेंबर
भिंतीवर खोगिरं ओळीनं टांगलेली. एक खुंटी रिकामी. तिचा स्वार लढाईतून परतला नाही, घोडाही नाही. डोळ्यांना खुपतं ते. ठरवलं, खुंटी मी भरणार. कातडं माझं, मेणाचा दोरा माझा, टाके इंचाला आठ. मापाशिवाय बैठक होत नाही. माप माझंच घेतलं.

१५ नोव्हेंबर
खोगीर खुंटीवर चढवलं. रिसालदारसाहेबांनी टाक्यांवरून बोट फिरवलं. वाटलं, आता शाबासकी. तर त्यांनी विचारलं, संग्रहालयाचं कातडं का नाही घेतलंत? म्हटलं, उसन्या कातड्यावर माझा हात चालत नाही. ते खुर्चीत बसले. म्हणाले, त्या रिसाल्यात सरकार काही देत नसे. जो स्वतःचं सामान आणी तो शिलेदार. खोगीर खुंटीला लागलं, की माणूस भरती झाला. मला हसूच आलं.

१८ नोव्हेंबर
सकाळी खोगीर खालून ओलं. घाम. घोड्याचा. पागा कित्येक वर्षं रिकामी आहे. तंगाचा पट्टा एक भोक आवळलेला, घोड्यानं दम सोडल्यावर आवळतात तसा.

२० नोव्हेंबर
मांड्या आतून सोलल्यात. बायकोचा फोन. म्हणाली, टापांपुढे काही ऐकू येत नाही, उतरून बोला ना. मी टेबलाशी बसलो होतो.

२२ नोव्हेंबर
खोगीर उसवायला घेतलं. एक टाका कापला. हातांनी लगेच दोरा ओवला, टाका परत घातला. मी नको नको म्हणत होतो. इंचाला आठ.

२३ नोव्हेंबर
गुडघे एकमेकांना टेकत नाहीत. बसल्या जागेवरून जमीन फार खाली दिसते. आता सगळीच खोगिरं ओली. निघायची तयारी—

२४ नोव्हेंबर
लेक मला न्यायला निघालीय. पोचेल तोवर—
रिसालदारसाहेब दुपारी पिशवी घेऊन आले. हात जोडले. म्हणाले, "उस्ताद, खोगीर मला विका. जागा माझी होईल, तुम्ही मोकळे. माझं वय झालंय."
हो म्हणायचं होतं. देवाशपथ हो म्हणायचं होतं. तोंडातून निघालं, "शिलेदार खोगीर विकत नसतो."
पिशवी टेबलावरच ठेवून गेले. आत नव्वद हजार रुपये. हात पुढे करतोय, पण हातात लगाम—