चाचणीची फाईल

१४ मार्च, मंगळवार

प्रिय छोटी,

आशीर्वाद नेहमीचेच, रागाच्या काळातही चालू होते. फोन मी आपटला होता, तेव्हा पत्रही मीच लिहायला हवं.

इकडे सगळं ठीक. गुडघे कुरकुरतात, पण कामावर नेऊन आणतात. भाचीला सांग, तिची शाल मी ड्युटीवरच वापरते, कारण मशीनच्या खोलीत कायम हुडहुडी भरते.

गेल्या आठवड्यात आमच्या स्कॅनच्या मशीनचा एक भाग बदलला. असं काही बदललं की लगेच पेशंट घेत नाहीत, आधी आमच्यापैकीच कुणीतरी आत झोपतं. या वेळी पाळी माझी. दिवसभर लोकांना हलू नका, हलू नका म्हणून दटावणारी मी, आणि आत गेल्या गेल्या नाकाला खाज सुटली! काचेपलीकडे माझा ड्युटीवरचा जोडीदार जाड्या पोट धरून हसत होता.

चाचणीच्या फाईलवर नाव घालत नाहीत, नुसतं वय आणि बाई की पुरुष. संध्याकाळी ती यादीतून काढायची, नाहीतर रिपोर्टासाठी डॉक्टरांकडे जाते. ते काम माझ्याकडे. ते हातात आल्याला बारा वर्षं झाली, कधी चुकलं नाही. या वेळी चुकलं.

काल डॉक्टरांनी बोलावून विचारलं, ही एकसष्ट वर्षांची बाई कोण? मग पडद्यावर बोट ठेवून दाखवलं. मेंदूतला आठवणी साठवायला मदत करणारा भाग, करंगळीपेक्षा फार मोठा नसतो तो, वयाच्या मानानं बराच आक्रसलाय. पांढरे डागही आहेत. नुसत्या फोटोवरून आजार ठरत नाही, इतर तपासण्या हव्यात, पण वेळ घालवू नका म्हणाले. आणि मी दारापर्यंत आले तेव्हा मागून म्हणाले, "बाईंना एकटीला सांगू नका. घरचं कुणीतरी बोलावून घ्या."

मी म्हटलं, "बोलावते."

छोटे, ती बाई मी आहे. त्यांना अजून माहीत नाही.

खरं सांगू? तो फोटो मी त्यांच्या आधीच पाहिला होता. तीस वर्षं हेच बघतेय, माझे काय डोळे फुटलेत? जाड्याला म्हटलं, मी हलले असेन, परत घे. त्यानं बिचाऱ्यानं परत घेतला. तसाच आला. मग मी चहा प्यायला गेले आणि फाईल काढायची राहिली. विसरले की मुद्दाम ठेवली, ते आता मलाच सांगता येत नाही, आणि भीती वाटते ती त्याचीच.

त्या दिवशी फोनवर तू म्हणालीस, ताई, हे तू तिसऱ्यांदा सांगतेयस, कुणाला तरी दाखव. मी तुला नाही नाही ते बोलले. आईच्या आजारपणात तू कुठे होतीस, असंसुद्धा विचारलं. तू रोज येत होतीस. ऑफिस सुटल्यावर, चपला हातात घेऊन, आईची झोप मोडू नये म्हणून. मला सगळं लख्ख आठवतंय गं. चुकलं माझं.

आता मुद्द्याचं. शुक्रवारी सकाळी दहाला ये. डॉक्टरांनी घरचं कुणीतरी म्हटलंय आणि माझ्या घरचं म्हणजे तूच. तू शेजारी बसलीस की मी त्यांना सांगेन ती बाई कोण ते. एकटीनं सांगायचा दोनदा प्रयत्न केला, दोन्ही वेळा मशीनचंच काहीतरी बोलून परत आले.

हे पत्र टाकलं की वहीत खूण करणार आहे. तरी चुकून दुसरं आलंच, तर आधी पोटभर हस माझ्यावर. आणि त्यातही ये असं लिहिलेलं असेल, तर तेही खरंच समज.

अजून तरी सगळी तुझीच,
ताई